भट्टीवरचा आळ

१

तिसरा रिपोर्ट काचशाळेत आला. पहिल्या रिपोर्टात शुक्राणू कमी भरले होते. दुसऱ्यात जेमतेम सापडले होते. तिसऱ्यात एकही नव्हता.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यातली निम्मी वर्षं लोकांनी घरातल्या मोठ्या सुनेकडे, म्हणजे थोरलीकडे, संशयाने पाहण्यात घालवली. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्यावर कुठे तिच्या नवऱ्याची तपासणी करावी असं कोणाच्या मनात आलं. आणि आता त्याच्याजवळ जे थोडंफार होतं तेही नाहीसं झालं होतं. ही सरळसरळ चोरी होती.

दवाखान्यातल्या तज्ज्ञाने चोर लगेच दाखवून दिला.

"काम काय करता?"

"काच फुंकतो," थोरला म्हणाला. "भट्टीपुढे असतो दिवसभर."

"मग आणखी कुठे शोधायचं? उष्णता शुक्राणूंना सोसत नाही. भट्टी सोडा, नाहीतर मुलाचा विचार सोडा."

थोरल्याने त्याच दुपारी जाहीर केलं, की पुढच्या शनिवारी भट्टी विझवायची.

काचेची भट्टी म्हणजे घरातली शेगडी नव्हे. आतल्या मुशीत काच रात्रंदिवस वितळलेली ठेवावी लागते. भट्टी थंड पडली की मूस तडकते, आतली काच दगड होते, आणि पुन्हा उभारायची तर पायापासून उभारावी लागते. ही भट्टी आबांनी, म्हणजे थोरल्याच्या वडिलांनी, तरुणपणी पेटवली होती. मुशी जुन्या झाल्या तेव्हाही त्यांनी त्या तापत्या भट्टीतच बदलल्या. ज्वाला कधी जाऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन भट्टीचं माप घेऊन गेला. जाताना मोजायची टेप भिंतीतल्या खिळ्याला अडकवून गेला. "राहू दे इथे," तो म्हणाला. "शनिवारी लागेलच."

थोरली तिच्या फिरत्या चाकापाशी पेल्यावर नक्षी कोरत होती. समोर नेहमीचं चाललं होतं. थोरला नळीच्या टोकावर काचेचा धगधगता गोळा फिरवत होता. धाकटा दीर रंगांच्या खोलीत भुकट्या तोलत होता. आबा झाकणाचा पेला घेऊन आले. थोरल्याचं सकाळचं दूध ते स्वतः आणत, दुसऱ्या कोणाला आणू देत नसत. थोरल्याने उभ्याउभ्या पेला तोंडाला लावला, तळाचे दोन घोट नेहमीप्रमाणे बशीत ओतले, आणि भट्टीच्या कुशीत झोपलेला दादा नावाचा बोका आळस देत उठून बशीपाशी आला.

थोरलीला मूल हवं होतं. पण भट्टी विझवून झालेल्या मुलाकडे हा माणूस कुठल्या डोळ्यांनी पाहील, ते तिला सांगता येत नव्हतं. त्याहून वाईट विचार मागाहून आला. चोर भट्टी नसेलच तर? मग भट्टीही जाईल आणि मूलही होणार नाही.

तिने चाक थांबवलं आणि मावशीला फोन लावला.

२

मावशी डॉक्टर होती आणि सगळी हयात तिने कारखान्यांत काढली होती. कामगार कशाने आजारी पडतात ते शोधायचं, मालकाला पुराव्यानिशी सांगायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. नातेवाइकांत तिला पंचनामा मावशी म्हणत, आणि तिला ते आवडत असे.

ती मंगळवारी आली, पिशवी ठेवली आणि चहाच्या आधी तिन्ही रिपोर्ट मागून घेतले.

"चोरी कधी झाली?" तिने विचारलं.

"आत्ताच," थोरली म्हणाली. "गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला ना."

"तो चोरी उघडकीला आल्याचा दिवस. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, बाळ. आजच्या रिपोर्टात गेल्या ऋतूतला गुन्हा दिसतो. आणि सगळे विचारत बसतात, काल काय खाल्लंस." तिने पहिला रिपोर्ट वर धरला. "हा गेल्या वर्षीचा. त्याच्या आधी तीन महिने काय झालं होतं?"

थोरलीने आठवून पाहिलं. "यांना ताप आला होता. चांगला आठवडाभर. अंगाला हात लावला तर चटका बसायचा."

"तज्ज्ञाला सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. आणि तोवर आम्ही विसरूनही गेलो होतो."

"असा ताप एकट्याने आकडे खाली आणतो. नंतर ते आपोआप वर येतात." मावशीने उरलेले दोन रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवले. "इथे वर यायला हवे होते. उलट खाली गेले. म्हणजे ताप गेला आणि त्यानंतर दुसरं कोणीतरी घरात शिरलं. भट्टी तर तेव्हाही होती, त्याच्या आधीही होती, तुझा नवरा शाळेत होता तेव्हाही होती."

"म्हणजे भट्टी निर्दोष?"

"तसं मी म्हटलेलं नाही. मला सगळ्यांशी बोलायचं आहे. तुझ्यापासून सुरुवात."

"माझ्या तपासण्या चांगल्या आहेत, मावशी."

"तपासण्या चांगल्या आहेत. झोप किती घेतेस? जेवतेस कधी? कोरताना काचेची धूळ उडते ती कुठे जाते?"

थोरलीने पदराने नाक पुसलं. पदर चकाकला. मावशीने तो चिमटीत धरून तिच्याच डोळ्यांपुढे नेला.

"मूल नऊ महिने पोटात असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच्या आधीचे महिनेही त्याचेच असतात, हे कोणी मोजत नाही. आजपासून तोंडाला मास्क. चाकावर पाणी जास्त. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून, दिवस राहिल्यावर नाही. आता तुझ्या नवऱ्याला बोलाव. आणि त्याला सांग, शेडच्या मागे जी सिगारेट ओढतोय ती तिथेच विझवून ये."

थोरली थबकली. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सिगारेट सोडली होती, निदान तिला तरी तसं सांगितलं होतं.

३

"जावईबापू, रोज किती?"

"दोनच, मावशी," थोरला खाली मान घालून म्हणाला. "कधी तीन."

"म्हणजे पाच," थोरली म्हणाली.

"सिगारेट साथीदार आहे," मावशी म्हणाली. "तिलाही शिक्षा होईल. पण एवढ्याने शून्य होत नाही. जरा पाठ दाखवा."

"पाठ?"

"लाजू नका, मी कारखानेच्या कारखाने उघडे बघितलेत."

थोरल्याने सदरा वर केला. पाठभर लालसर पुटकुळ्या उठल्या होत्या. "भट्टीचा घाम," तो म्हणाला. "घामोळं आहे."

"पूर्वी यायचं?"

त्याला आठवेना. थोरलीला आठवत होतं. पूर्वी येत नसे. मावशीने तिच्या हातातल्या शिवणाकडे बोट केलं. "हे काय चाललंय?"

"त्यांचे सदरे. खांद्यात उसवतात हल्ली, सारखे ढिले करावे लागतात. भट्टीवर काम करून करून अंग भरलंय."

"भट्टीवर वीस वर्षं काम करतायत. अंग आताच भरलं?"

"ताकद आलीय हे खरं," थोरला जरा खुलून म्हणाला. "मोठा गोळा आता एका हाताने पेलतो. आबा तर बघत राहतात."

"आणि राग?"

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. परवाच त्याने फुलदाणीला जरा बाक आला म्हणून ती भिंतीवर आपटली होती. मावशीने उत्तराची वाट पाहिली नाही.

धाकट्या दिराची पाळी आली तेव्हा तो आधीच चिडलेला होता. "वहिनी, मला माहितीय सगळे माझ्याकडे का बघतायत. रंगांत शिसं असतं. मग मला काय झालं? त्या खोलीत मी बसतो, मोठा भाऊ नाही. आणि मला जुळी आहेत, दिवसभर डोकं खातात."

"तुमची जुळी हा पुरावा होत नाही," मावशी म्हणाली. "उद्या दोघांचंही रक्त शिसासाठी तपासायचं. आणि ती जुळी रंगांच्या खोलीत खेळतात का?"

धाकट्याने उठून रंगांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"आजपासून खेळणार नाहीत," मावशी म्हणाली. "दूध घेता का? भावासारखं?"

"मला दूध पचत नाही. चहा, तोही कोरा."

सगळ्यांत जास्त बोलली ती धाकटी जाऊ. काच भुशात रचून खोकी भरायचं काम तिचं. "मला विचाराल तर दोष-बिष काही नाही, मावशी. यंदा तर कामाला कशी शिस्त आलीय. खोकी वेळेवर जातात. नाहीतर दरवर्षी या दिवसांत भुशात मांजरी वितात. भरलेलं खोकं उघडावं तर आत चार पिल्लं. मग त्यावर खडूने लिहायचं 'पाठवू नये' आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, माल उशिरा येईल. यंदा एकही नाही."

मावशीने चष्मा काढला. "एकही नाही?"

"एकही नाही. सुटले बाई."

"बाप कोण असायचा पिल्लांचा?"

"विचारायला नको. गल्लीतली सगळी पिल्लं दादाची, तसलीच अर्धी काळी शेपटी. दुसऱ्या बोक्याला तो गल्लीत पाय ठेवू देत नाही."

"म्हातारा झाला असेल."

"कसला म्हातारा. मांजरींच्या मागे जातो, भांडणं करतो, पूर्वीपेक्षा जोरात. काल कुत्र्याला पळवलं त्याने."

मावशी उठली, भट्टीपाशी गेली आणि झोपलेल्या बोक्यासमोर उकिडवी बसली. थोरलीला वाटलं, ती त्याचीही साक्ष घेतेय.

"हा इथे किती वर्षं झोपतोय?"

"पिल्लू होता तेव्हापासून," थोरली म्हणाली. "याच्याइतका भट्टीला चिकटून कोणीच नसतो."

"आणि तरी गेल्या वर्षापर्यंत गल्ली पिल्लांनी भरून टाकत होता." मावशी हळूहळू उभी राहिली. तिचे गुडघे वाजले. "तुझ्या भट्टीला चांगला वकील मिळालाय, बाळ. उद्या जावयाचं रक्त घ्यायचं. शिसासाठी, आणि आणखी एका गोष्टीसाठी."

"कशासाठी?"

"बोका आणि तुझा नवरा, दोघं मिळून काय करतात, त्याचा विचार कर. आणि कोणाला बोलू नकोस."

४

थोरलीने शुक्रवारपर्यंत विचार केला आणि उत्तर सापडलं तेव्हा तिला ते नकोसं झालं.

शनिवारी सकाळी भंगारवाल्याचा ट्रक दाराशी उभा राहिला. थोरल्याने शेवटची फुलदाणी फुंकली, निवत ठेवली, नळी पुसून कोपऱ्यात उभी केली. मग गॅसच्या चावीवर हात ठेवला. आबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, कारण पाहवत नव्हतं.

मावशी दारातून आत आली. हातात प्रयोगशाळेचं पाकीट होतं आणि ते अजून फोडलेलं नव्हतं.

"चावीवरचा हात काढा, जावईबापू."

"मावशी, निर्णय झालाय."

"चोर सापडल्यावर फिरवा. आबा, आज दूध नाही आणलंत?"

आबा दचकले. "आज... आज काय दूध."

"आणा की. नेहमीसारखंच करून आणा."

म्हातारा आत गेला. झाकणाचा पेला घेऊन आला. मावशीने हात पुढे केला. "मलाच द्या. सकाळपासून पोटात काही नाही."

"तुम्ही नका पिऊ, विहीणबाई," आबा चटकन म्हणाले. "ते पुरुषांसाठी आहे."

मावशीने झाकण उचलून दुधात पाहिलं.

"दुधात पुरुषांसाठी काय असतं, आबा?" मावशीने अगदी हळू विचारलं.

आबांनी पेला कट्ट्यावर ठेवला आणि तिथेच बसले. "ताकदीची पावडर आहे. माझा जुना शागीर्द आता व्यायामशाळा चालवतो, त्याने दिली. त्याच्याकडची पोरं बघा कशी झालीयत. पहिला रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, पोराला माझ्या भट्टीने सुकवलं. सांगितलं असतं तर त्याने घेतली नसती. म्हणून गुपचूप. एक चमचा."

"आणि दुसरा रिपोर्ट आला तेव्हा?"

"वाटलं, कमी पडतेय," आबा म्हणाले. "दोन केले."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. थोरला वडिलांकडे पाहत होता, पण चेहऱ्यावर राग नव्हता. काय दाखवावं हे चेहऱ्याला ठरवता येत नव्हतं.

मावशीने पाकीट फोडलं, कागद वाचला आणि पहिल्यांदाच हसली. "शिसं दोघांचंही ठीक. बाकी मला वाटलं तसंच. अंग झटपट फुगावं म्हणून काही लोक अशा पावडरीत पुरुषी हार्मोन मिसळतात आणि डब्यावर लिहीत नाहीत. जावयाच्या रक्तात ते भरून वाहतंय. खांदे, पुटकुळ्या, ताकद, भिंतीवरची फुलदाणी, सगळं त्याचंच."

"पण पुरुषी हार्मोन जास्त झालं तर शुक्राणू वाढायला हवेत ना?" धाकट्याने विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. आता असं बघा. तुमच्या दुकानात बाहेरून तयार पेले ट्रक भरभरून येऊन पडले, तर तुम्ही भट्टीवर माणसं ठेवाल? मेंदूही तेच करतो. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर घरच्या कारखान्याला निरोप पाठवायचं बंद करतो. हे बघा, निरोप देणारी हार्मोनं रक्तात जवळजवळ नाहीतच. निरोप नाही, म्हणून काम नाही. कारखाना मोडलेला नाही, नुसता थांबलाय. आबा चमचा वाढवत गेले आणि तो आणखी थांबत गेला."

"आणि दादा?" थोरली म्हणाली. उत्तर तिला ठाऊक होतं, पण ते मोठ्याने ऐकायचं होतं.

"तो रोज बशी चाटतो. भट्टीपाशी वर्षानुवर्षं झोपून त्याला काही झालं नाही, दूध बदललं आणि त्याची पिल्लं थांबली. बोका म्हणजे पुरावा नव्हे, खबऱ्या. त्याने सांगितलं कुठे बघायचं. पुरावा हा." तिने कागद थोरल्याच्या हातात दिला. "तुमच्या तज्ज्ञाने भट्टी पाहिली, आणि ती दिसण्यासारखीच आहे. फक्त हार्मोनची एक तपासणी करायच्या आधीच थांबले ते."

"परत सुरू होईल?" थोरल्याने विचारलं.

"बहुतेक होईल. वेळ लागेल, मधे चिडचिड होईल, गळून गेल्यासारखं वाटेल. मी सांगते त्या डॉक्टरांकडे जायचं, रक्त तपासत राहायचं. सिगारेट बंद, आणि या वेळी खरी. भट्टीच्या तोंडाशी सलग उभं राहायचं नाही, भावाशी पाळी लावायची. भट्टी अगदी निर्दोष नाही. पण ही चोरी तिने केलेली नाही."

थोरला चावीकडे वळला. भंगारवाला दारात पुढे सरसावला. थोरल्याने चावी फिरवली, उलट्या बाजूला. भट्टीच्या तोंडातून पिवळी ज्वाला उसळली आणि दादा पहिल्यांदाच दोन पावलं मागे सरला.

मग थोरल्याने कट्ट्यावरचा पेला उचलून वाळूत ओतला, वडिलांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आबा, उद्यापासून चहा आणत जा."

आबांनी रिकामा पेला सदऱ्याला पुसला. "साखर किती?" त्यांनी विचारलं.

उरलेली पावडर मावशीने तपासणीला पाठवली, आणि व्यायामशाळेत ती स्वतः जाऊन आली. तिथे काय बोलली ते तिने सांगितलं नाही. शागीर्द मात्र दुसऱ्याच दिवशी आबांच्या पाया पडून गेला, आणि त्याच्याकडच्या पोरांची रक्ततपासणी सुरू झाली.

५

निकाल आधी बोक्याचा लागला. धाकटीने माल भरताना एक खोकं उघडलं आणि किंचाळली. आत तीन पिल्लं होती, अर्ध्या काळ्या शेपटीची. तिने खडू घेऊन 'पाठवू नये' असं लिहिलं, आणि त्या दिवशी माल उशिरा जाणार याचा कोणालाच राग आला नाही.

थोरल्याला जास्त वेळ लागला. मधले महिने कठीण गेले. तो सुस्तावला, गोळा पुन्हा दोन हातांनी उचलू लागला, सदरे पुन्हा आत घ्यावे लागले. पहिल्या नव्या रिपोर्टात थोडेसे दिसले. पुढच्यात पुष्कळ होते. तज्ज्ञाने तो दोनदा वाचला, मग मावशीचा नंबर मागून घेतला.

आणि एका सकाळी थोरली दवाखान्यातून परस्पर काचशाळेत आली. चाकापाशी गेली नाही, मास्कही काढला नाही. भट्टीपासून लांब, रंगांच्या खोलीपासूनही लांब, दारातच उभी राहिली आणि नवऱ्याला हात केला. तो गेला. तिने काहीतरी सांगितलं. त्याने तिथूनच वडिलांकडे पाहून ओरडून सांगितलं.

"काय म्हणतोस?" आबा कानाला हात लावून म्हणाले. "भट्टी जोरात आहे."

थोरल्याने पुन्हा सांगितलं. छातीत होती नव्हती तेवढी सगळी हवा त्याने त्यात घातली. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली, धाकट्याची जुळी ओरडत आली, भुशातली पिल्लं जागी झाली. रंगांच्या खोलीतून धाकट्याने तेच आणखी मोठ्याने ओरडून सांगितलं, आणि धाकटी खोक्यांमधून वाट काढत जावेच्या गळ्यात पडली.

थोरली मास्कच्या आत हसत होती आणि रडतही होती. गडबड ओसरल्यावर तिने पाहिलं, तर आबा जागेवर नव्हते. ते पलीकडच्या भिंतीपाशी होते. भंगारवाल्याने अडकवून ठेवलेली टेप त्यांनी खिळ्यावरून काढली होती आणि दाराशेजारचा कोपरा मोजत होते, भट्टीची धग पोचत नाही तो.

"आबा, हे काय चाललंय?"

"पाळणा बसतोय का बघतो," आबा म्हणाले. "टोक धर जरा. नको, तू नको वाकू. मीच धरतो."